क्लोरोफॉर्म सापडले म्हणजे काय सापडले?

15 जुलै 2008 रोजी अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यातील ऑरलँडो शहरातून एका आजीने पोलिसांना फोन केला. तिची नात केयली ॲन्थनी महिनाभर कोणाच्या दृष्टीस पडली नव्हती. केयलीला तीन वर्षे पूर्ण व्हायला महिनाही उरला नव्हता, आणि तिची आई केसी इतके दिवस वेगवेगळ्या थापा मारत होती. आपल्या मुलीच्या गाडीतून प्रेत ठेवल्यासारखा वास येतो, असेही आजीने त्या फोनवर सांगितले. ती गाडी आधी एका वाहनतळावर सोडून दिलेली होती आणि तिथून उचलून नेली गेली होती. तिच्या डिकीत कचऱ्याची पिशवीही होती. डिकीतल्या गालिच्याचे तुकडे आणि तिथली हवा टेनेसी राज्यातल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेत गेली आणि तिथून एक शब्द बाहेर आला : क्लोरोफॉर्म. फ्लोरिडात सरकारी कागदपत्रे जनतेला खुली करण्याचा कायदा फार उदार आहे. त्यामुळे केसीवरचा खटला उभा राहण्याच्या कितीतरी आधी तपासाचे अहवाल लोकांच्या हाती पडले आणि घरोघरी हौशी रसायनतज्ज्ञ तयार झाले. आईने क्लोरोफॉर्म कसे बनवले असेल, किती वापरले असेल, ते डिकीत कसे सांडले असेल, याचे तपशीलवार आराखडे मांडले जाऊ लागले. त्या आराखड्यांत जी पायरी सगळ्यांनी गाळली, तीच या लेखाचा विषय आहे. रसायन सापडणे आणि गुन्हा सापडणे यांच्यामध्ये चार प्रश्न उभे असतात : किती सापडले, कशातून आले, केव्हा आले आणि आणखी कुठे कुठे सापडले असते. या चारांची उत्तरे मिळेपर्यंत रसायनाचे नाव ही फक्त एक नोंद असते. तिला पुरावा म्हणता येत नाही.

आधी यंत्राचे पाहू. अशा तपासात वायू-वर्णलेखन आणि वस्तुमान-वर्णपटमापन या दोन पद्धती एकत्र वापरतात. प्रयोगशाळेत या जोडीला 'जीसी-एमएस' म्हणतात. नमुन्यातली हवा एका लांबलचक, केसासारख्या बारीक नळीतून सोडली जाते. मिश्रणातले प्रत्येक रसायन आपापल्या वेगाने त्या नळीतून सरकते आणि वेगवेगळ्या क्षणी बाहेर पडते. बाहेर पडलेल्या रेणूंवर इलेक्ट्रॉनांचा मारा केला की त्यांचे तुकडे होतात. ते तुकडे कोणत्या वजनाचे आणि किती प्रमाणात आहेत, यावरून रेणूची ओळख पटते. ही ओळख बहुतेक वेळा पक्की असते आणि यंत्राची नजर फार तीक्ष्ण असते. शंभर कोटी भागांत एक भाग, इतक्या सूक्ष्म प्रमाणातले पदार्थही ते हेरू शकते. दुष्काळी गावात येतात तसे दहा हजार लिटरचे पाच टँकर भरून उभे केले आणि त्या सगळ्या पाण्यात मिळून एकच थेंब मिसळला, तर साधारण हे प्रमाण होते. पण नजर इतकी तीक्ष्ण असली की 'सापडले' या शब्दाचे वजन कमी होते. सूक्ष्मदर्शकातून पाहिल्यावर हातावर जंतू दिसले म्हणून कोणी माणसाला आजारी ठरवत नाही. यंत्र जितके संवेदनशील, तितका 'आहे की नाही' हा प्रश्न किरकोळ होतो आणि 'किती आहे' हा प्रश्न मोठा होतो.

क्लोरोफॉर्मच्या बाबतीत तर हा प्रश्न अटळच आहे, कारण ते आपल्या घरात रोज येते. नदीच्या किंवा धरणाच्या पाण्यात कुजलेल्या पालापाचोळ्यातून विरघळलेले सेंद्रिय पदार्थ असतात. जंतू मारण्यासाठी त्या पाण्यात क्लोरीन मिसळले की दोघांच्या अभिक्रियेतून थोडेसे क्लोरोफॉर्म तयार होते. म्हणूनच पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात त्याची मर्यादा लिटरला 0.2 मिलीग्रॅम अशी घालून दिलेली आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला 0.3 मिलीग्रॅम आहे. नळाच्या पाण्यात ते अजिबात नसते, तर मर्यादा ठरवायची वेळच आली नसती. पोहण्याच्या तलावातही ते असते. फरशी आणि कपडे स्वच्छ करायच्या ब्लीचमध्ये सोडियम हायपोक्लोराइट असते आणि त्याची काही सेंद्रिय पदार्थांशी गाठ पडली की पुन्हा क्लोरोफॉर्म बनते. कुजणाऱ्या शरीरातून बाहेर पडणाऱ्या शेकडो बाष्पशील पदार्थांच्या यादीतही त्याचे नाव आहे. म्हणजे डिकीत क्लोरोफॉर्म मिळाले, तर त्याचे स्पष्टीकरण साफसफाई असू शकते, कुजणे असू शकते आणि कोणी मुद्दाम आणलेली बाटलीही असू शकते. लोकांच्या मनात मात्र तिसरेच चित्र आधी उमटले, कारण रहस्यकथा आणि सिनेमा यांनी आपल्याला एक दृश्य पाठ करून दिले आहे. रुमालावर दोन थेंब टाकायचे, नाकाशी धरायचे आणि माणूस क्षणात कोसळतो. एडिंबरोच्या जेम्स यंग सिम्पसन यांनी 1847 मध्ये क्लोरोफॉर्म भूल देण्यासाठी वापरायला सुरुवात केली, तेव्हापासूनचा वैद्यकाचा अनुभव वेगळा आहे. भूल चढायला वाफ काही मिनिटे सतत हुंगावी लागते आणि मात्रा थोडी चुकली तरी जीव जाऊ शकतो. सिनेमातला रुमाल रसायनशास्त्राचा पुरावा होऊ शकत नाही.

मग त्या डिकीत क्लोरोफॉर्म किती होते? इथेच तज्ज्ञांचे बिनसले. ओक रिज प्रयोगशाळेतले अर्पाद व्हास यांनी न्यायालयात सांगितले की ते प्रमाण धक्का बसावा इतके जास्त होते. एफबीआयचे रसायनतज्ज्ञ मायकेल रिकेनबाख यांना डिकीच्या गालिच्यात त्याचे थोडेसेच अंश मिळाले आणि घरगुती सफाईच्या रसायनांतूनही असे अंश येऊ शकतात, असे त्यांचे म्हणणे होते. दोघांपैकी खोटे कोणीच बोलत नव्हते. अडचण अशी होती की 'जास्त' हा शब्द कशाच्या तुलनेत, हे ठरवणारा काटेकोर मोजलेला आकडा ज्युरीसमोर नव्हता. यंत्राच्या आलेखावरचा सुळका उंच दिसला म्हणून पदार्थ अमुक मिलीग्रॅम होता, असे म्हणता येत नाही. त्यासाठी माहीत असलेल्या प्रमाणाचे नमुने आधी त्याच यंत्रातून काढून मोजपट्टी तयार करावी लागते. त्यात क्लोरोफॉर्म सुमारे 61 अंश सेल्सियसला उकळते. फ्लोरिडाच्या उन्हाळ्यात बंद गाडीच्या डिकीतून ते भराभर उडून जाणार. हौशी मंडळींनी इथेही एक हिशोब मांडला : इतक्या दिवसांनी एवढे उरले, तर सुरुवातीला बाटलीभर असलेच पाहिजे. हा हिशोब वरवर पाहता शहाणपणाचा वाटतो. पण पदार्थ जर आतच थोडा थोडा तयार होत असेल, तर 'सुरुवात' नावाचा एक क्षणच उरत नाही आणि सगळा हिशोब कोसळतो. कशातून आले हे ठरल्याशिवाय केव्हा आणि किती आले, हे मागे मोजत जाता येत नाही.

वासाचा पुरावा तर त्याहून नवा होता. टेनेसी विद्यापीठाच्या नॉक्सव्हिल येथील संशोधनकेंद्रात दान केलेली मृत शरीरे उघड्यावर किंवा मातीत ठेवून ती कशी कुजतात याचा अभ्यास होतो. व्हास यांनी तिथे पुरलेल्या शरीरांमधून निघणाऱ्या बाष्पशील पदार्थांची यादी वर्षानुवर्षे खपून तयार केली. हे काम मोलाचे आहे, कारण पुरलेली प्रेते शोधायला त्याचा उपयोग होऊ शकतो. पण मातीत पुरलेले शरीर आणि गाडीच्या डिकीतला गालिचा यांत हवा, ओल, तापमान आणि सूक्ष्मजीव सगळेच वेगळे. शिवाय त्या यादीतले बरेच पदार्थ सडलेल्या मांसातून, कचऱ्यातून आणि पेट्रोलमधूनही येतात. बचाव पक्षाचे रसायनतज्ज्ञ केनेथ फर्टन यांनी मुद्दा मांडला की माणसाच्याच शरीराची म्हणून ओळखता येईल अशी रासायनिक सही अजून शास्त्रज्ञांना एकमताने ठरवता आलेली नाही. न्यायाधीश बेल्विन पेरी यांनी हा पुरावा ज्युरीपुढे येऊ दिला. फ्लोरिडात तेव्हा 1923 सालच्या फ्राय खटल्यापासून चालत आलेला नियम लागू होता : नवी शास्त्रीय पद्धत त्या क्षेत्रातल्या लोकांनी सर्वसाधारणपणे मान्य केलेली असावी. न्यायालयाने पुरावा ऐकायला परवानगी दिली, याचा अर्थ तो खरा ठरला असा होत नाही. बाहेरच्या चर्चेत हा फरक लगेच विरघळला आणि 'न्यायालयाने मानले' हे वाक्य 'शास्त्राने सिद्ध केले' या अर्थाने वापरले गेले.

रसायनाला संगणकाची साथ मिळाली, तेव्हा संशय खात्रीत बदलला. ॲन्थनी कुटुंबाच्या संगणकातून पुसलेल्या नोंदी परत मिळवण्यात आल्या आणि त्यात मार्च 2008 मधला क्लोरोफॉर्मचा शोध सापडला. एका सॉफ्टवेअरच्या आधारे सरकारी पक्षाने सांगितले की क्लोरोफॉर्मविषयीच्या एका पानाला 84 वेळा भेट दिली गेली होती. 84 हा आकडा रसायनशास्त्राला जमले नव्हते ते काम करून गेला. त्याने हेतू पुरवला. पण ते सॉफ्टवेअर बनवणारे जॉन ब्रॅडली यांनी स्वतःच नंतर तपासणी केली आणि आपल्याच प्रणालीत चूक असल्याचे त्यांच्या लक्षात आले. त्या पानाला भेट एकदाच दिलेली होती. 84 हा आकडा मायस्पेस या वेगळ्याच संकेतस्थळाचा होता. पोलिसांकडे आधीच असलेल्या दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या अहवालातही एकच भेट दिसत होती. शोध आणि मुलगी नाहीशी होणे यांत जवळजवळ तीन महिन्यांचे अंतर होते, तेही या आकड्यापुढे कोणाला दिसले नाही. इथे खरी गंमत तर्काची आहे. डिकीतला सुळका उंच वाटला, कारण संगणकावर 84 शोध होते. आणि ते शोध भयानक वाटले, कारण डिकीत क्लोरोफॉर्म होते. दोन कच्च्या भिंती एकमेकींवर रेलून उभ्या होत्या आणि पाहणाऱ्याला ते पक्के घर वाटत होते.

अशा घरात एका आईला प्रत्यक्ष कोंडले गेल्याचे उदाहरण यापूर्वी घडून गेले होते. 17 ऑगस्ट 1980 च्या रात्री ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागी, उलुरू खडकाजवळच्या तळावरून नऊ आठवड्यांची अझारिया चेंबरलेन नाहीशी झाली. डिंगो या रानटी कुत्र्याने तिला तंबूतून पळवले, असे तिची आई लिंडी पहिल्या क्षणापासून सांगत होती आणि पहिल्या चौकशीने ते मान्यही केले होते. पण लिंडी लोकांसमोर रडली नाही, तिचा ॲडव्हेंटिस्ट हा ख्रिस्ती पंथ लोकांना विचित्र वाटला आणि 'अझारिया' या नावाचा अर्थ 'रानातला बळी' असा असल्याची निराधार अफवा देशभर पसरली. त्या हवेत प्रयोगशाळेचा निष्कर्ष आला : कुटुंबाच्या टोराना गाडीत रक्त आहे आणि ते तान्ह्या बाळाचे आहे. नवजात बाळाच्या रक्तात गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन बऱ्याच प्रमाणात असते आणि पुढच्या काही महिन्यांत ते कमी होत जाते, त्यामुळे हा निष्कर्ष निर्णायक वाटला. ऑक्टोबर 1982 मध्ये लिंडीला जन्मठेप झाली. नंतर न्यायमूर्ती ट्रेव्हर मॉर्लिंग यांच्या आयोगाने हा पुरावा तपासला, तेव्हा तो पोकळ निघाला. डॅशबोर्डखालचा तथाकथित रक्ताचा फवारा म्हणजे कारखान्यात मारलेले, आवाज दाबणारे डांबरासारखे रसायन होते. रक्ताच्या प्राथमिक चाचणीत वापरलेले द्रव्य तांब्याच्या धुळीनेही रंग बदलू शकत होते आणि चेंबरलेन कुटुंब राहत होते माउंट आयझा या तांब्याच्या खाणींच्या गावात. चाचणीच्या मूळ पट्ट्या तर नष्ट केलेल्या होत्या, त्यामुळे कोणाला त्या पुन्हा पाहताही येत नव्हत्या. फेब्रुवारी 1986 मध्ये उलुरूच्या पायथ्याशी अझारियाचे जाकीट सापडले आणि लिंडीची सुटका झाली. शिक्षा रद्द व्हायला 15 सप्टेंबर 1988 उजाडावे लागले. लेखाच्या सुरुवातीच्या चार प्रश्नांपैकी एकही तिच्या खटल्यात नीट विचारला गेला नव्हता. 'आणखी कुठे कुठे सापडले असते' हा चौथा प्रश्न कोणी विचारला असता आणि दुसरी एखादी टोराना गाडी तपासली असती, तरी फवाऱ्याचे रहस्य त्याच दिवशी सुटले असते.

यावर पहिला आक्षेप असा येईल की या चुका तर पदवीधर तज्ज्ञांनी केल्या, मग दोष हौशींना का? आक्षेप रास्त आहे आणि तो मान्यच करायला हवा. पांढरा डगला घातला म्हणून माणूस चुकत नाही, असे नसते. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या 2009 च्या अहवालानेही न्यायसहायक विज्ञानातल्या अनेक पद्धतींवर बोट ठेवले आणि त्यांच्या अचूकतेची पुरेशी परीक्षा झालेली नसल्याचे सांगितले. चेंबरलेन प्रकरणात तर सरकारी यंत्रणेबाहेरच्या माणसांनी चिकाटीने प्रयोग केले, म्हणून सत्य वर आले. म्हणून रेघ तज्ज्ञ आणि हौशी यांच्यामध्ये ओढायची नाही. ती ओढायची आहे पडताळणी आणि तर्कट यांच्यामध्ये. पडताळणी करणारा आपले म्हणणे मोडू शकेल अशी चाचणी शोधतो आणि आकडा चुकला तर ब्रॅडली यांच्यासारखा स्वतःहून सांगतो. तर्कट लढवणारा आपल्या कथेत बसेल तोच आकडा शोधतो. तज्ज्ञांच्या हातून चूक झाली, तर उलटतपासणी, दुसरी प्रयोगशाळा आणि आयोग ती पकडण्यासाठी असतात. ओसरीवरच्या चर्चेत उलटतपासणी कोण घेणार?

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. केयलीच्या आईने महिनाभर खबर दिली नाही, अस्तित्वात नसलेल्या दाईचे नाव सांगितले, डिकीतून वास येत होता आणि 11 डिसेंबर 2008 रोजी घराजवळच्या झाडीत मुलीचे अवशेष चिकटपट्टीसह सापडले. एवढे सगळे एकत्र पाहायचे की क्लोरोफॉर्मचेच मिलीग्रॅम मोजत बसायचे? परिस्थितिजन्य पुराव्याची साखळी खरोखरच एकत्र पाहायची असते. पण साखळीतली प्रत्येक कडी आपापल्या जोरावर उभी असावी लागते. आईचे खोटे बोलणे सिद्ध झाले आणि त्याबद्दल ज्युरीने तिला दोषीही ठरवले. खोटे बोलण्याने डिकीतले क्लोरोफॉर्म मात्र वाढत नाही. उलट या रसायनाच्या नादाने तपासाचे नुकसान झाले असावे, असे मानायला जागा आहे. खटला संपल्यावर, 2012 मध्ये उघड झाले की ज्या दिवशी मुलगी शेवटची दिसली त्याच 16 जून 2008 ला, त्याच संगणकावर, गुदमरण्याविषयीचा शोध घेतला गेला होता. पोलिसांनी एका ब्राउझरच्या नोंदी पाहिल्या आणि दुसऱ्याच्या पाहिल्याच नाहीत. तो शोध कोणी आणि कशासाठी घेतला, यावर न्यायालयात वाद झाला असता. पण वादाला घेण्याजोगी ती गोष्ट ज्युरीपुढे आलीच नाही आणि तीन महिने आधीचा एक क्लोरोफॉर्मचा शोध मात्र 84 होऊन आला. 5 जुलै 2011 रोजी ज्युरीने खुनाच्या आणि मृत्यूस कारणीभूत झाल्याच्या आरोपांतून केसी ॲन्थनीला दोषमुक्त केले.

तिसरा आक्षेप नेहमीचा : इतकी काटेकोर मागणी केली, तर गुन्हेगार सुटतील. घडते ते बरेचदा उलट. अतिरंजित पुरावा उलटतपासणीत फुटला की त्याच्याबरोबर शेजारचा बरा पुरावाही संशयास्पद ठरतो. काटेकोरपणा आरोपीइतकाच फिर्यादीच्याही कामाचा असतो. आपल्याकडे हा विचार आत्ताच करायला हवा, कारण 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करण्याची तरतूद झाली आहे. महाराष्ट्रात पोलीस आणि वकील ज्याला 'सीए रिपोर्ट' म्हणतात, तो रासायनिक विश्लेषकाचा अहवाल आता आणखी खटल्यांत येईल आणि त्यातले एखादे ओझरते वाक्य बातमीचा मथळाही होईल. बातमीत 'विषारी द्रव्याचे अंश आढळले' असे वाचले की वाचकाने थोडे थांबावे. प्रमाण मोजले आहे का? तोच पदार्थ औषधातून, पाण्यातून, शेतावरच्या फवारणीतून किंवा कुजण्यातून येऊ शकतो का? शेजारच्या, काही संबंध नसलेल्या जागेचा नमुना तुलनेसाठी घेतला का? मुद्देमाल पंचनाम्यापासून प्रयोगशाळेपर्यंत सीलबंद राहिला का आणि दुसऱ्या कोणाला तीच चाचणी पुन्हा करता येईल का? हे प्रश्न विचारायला रसायनशास्त्राची पदवी लागत नाही. हरवलेल्या मुलाविषयी कळवळा असणे आणि हे प्रश्न विचारणे यांत विरोधही नाही. त्या मुलाचे नेमके काय झाले, हे कळावे म्हणूनच ते विचारायचे असतात.

अझारियाला डिंगोने नेले, हे सरकारी कागदावर यायला 12 जून 2012 उजाडला. तोवर बत्तीस वर्षे होत आली होती. केयलीच्या शवचिकित्सा अहवालात हत्या अशी नोंद आहे, पण मृत्यू नेमका कशाने झाला, या रकान्यात 'अनिश्चित' असेच लिहिलेले आहे. क्लोरोफॉर्मवर एवढी चर्चा होऊनही तो शब्द बदललेला नाही.